तीन बोटांचा मोजा

इंदुमती साठीला टेकल्यावर एका दुपारी सायकल शिकली, तेव्हाच खरं तर जोतिरामच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण तो बापडा गांडूळखताच्या शेडपाशी उभा राहून पोट धरून हसत होता. लग्नाआधी भावाच्या सायकलवरून उकिरड्यात पडल्यापासून जिनं सायकलला हात लावला नव्हता, ती बाई पदर खोचून, घंटी बडवत चिरेवाडीचा उतार उतरत होती. कोंबड्या जीव घेऊन पळत होत्या. हसू येणार नाही तर काय?

मग आली कानडीची पाळी. आजऱ्याच्या बाजाराला संकेश्वरकडच्या बायका मिरची घेऊन येत. त्यांच्याशी सगळं जग कानात दुभाषी बोंडू, म्हणजे भाषांतर करणारं इवलंसं यंत्र, घालून बोलायचं. त्या कानडीत बोलायच्या, बोंडू कानात मराठी सांगायचं, सौदा व्हायचा. इंदुमती एकदा आपलं बोंडू घरी विसरली आणि बायकांचं नुसतंच ऐकत बसली. पुढच्या बाजाराला चार शब्द बोलली. त्याच्या पुढच्या बाजाराला ती मिरचीच्या ढिगासमोर उकिडवी बसून अशा ठसक्यात घासाघीस करत होती, की मिरचीवालीनं तिला माहेर कुठलं म्हणून विचारलं.

“आगं, कुठं शिकलीस ह्ये?” जोतिरामनं विचारलं.

“शिकायला कशाला लागतंय? कानावर पडलं, आत गेलं.”

जोतिरामनं हे गावभर कौतुकानं सांगितलं. तिसरी गोष्ट घडली तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. सकाळी चहा घेऊन तो माजघरात गेला तर इंदुमती मैथिलीच्या फोटोसमोर उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ह्यो फोटो कुनी बदलला?”

“कोन बदलंल?”

“मग मैतूचा फ्रॉक हिरवा कसा? पिवळा हुता की. मी शिवलेला. चांगला पिवळाधमक.”

फ्रॉक हिरवाच होता. जोतिरामला पक्कं आठवत होतं, कारण कापड त्यानंच आणलं होतं, आणि असल्या रंगात पोरगी झाडापानांत सापडायची नाही म्हणून इंदुमतीनं तेव्हा नावं ठेवली होती. त्यानं फोटो खाली काढला, मागची वर्षानुवर्षांची जळमटं दाखवली. कुणीही फोटोला हात लावलेला नव्हता. इंदुमतीनं डोळे मिटले, पुन्हा उघडले.

“डोळं मिटलं की पिवळाच दिसतोय. मी तिला इसरायला लागले का वो?”

मैथिली त्यांची एकुलती एक. नऊ वर्षांची होऊन गेली, त्याला आता वीसेक वर्षं झाली होती. कशी गेली हे अख्ख्या चिरेवाडीला ठाऊक होतं. फक्त एक वाक्य सोडून. ते जोतिरामला एकट्यालाच ठाऊक होतं.

गांडूळखतात वाळे निघतातच. वाळा म्हणजे गांडुळाहून जरासा जाड, काळपट, चकचकीत साप. डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळू नये असा, आणि चावायला तोंडच नसल्यासारखा गरीब. खत चाळताना तो निघाला की उचलून पालापाचोळ्यात सोडायचा, अशी इथली रीत. जोतिरामची त्यात आणखी एक रीत होती. सोडण्याआधी तो वाळा मैथिलीच्या मनगटाला गुंडाळायचा. “घे तुझी बांगडी.” पोरगी खिदळायची, हात वर करून अंगणभर मिरवून यायची, मग स्वतःच वाळा सोडून द्यायची. लेकीला सापाची भीती नाही याचा बापाला कोण अभिमान.

त्या संध्याकाळी लाइट गेली होती. इंदुमती भावाच्या साखरपुड्यासाठी माहेरी गेली होती. शेणामातीनं माखलेलं जे काही जोतिरामनं चाळणीतून उचललं आणि पोरीच्या मनगटाला गुंडाळलं, तो वाळा नव्हता. तो घाटातला पोवळा होता. पोवळा वाळे खाऊनच जगतो, वाळ्यांच्या मागोमाग खतात येतो, हे तेव्हा जोतिरामला कुणी सांगितलेलं नव्हतं. काळं डोकं, शेपटीवर दोन काळी कडी, पोट पोवळ्यासारखं लाल. पण ते बघायला उजेड लागतो. मैथिली हसतच म्हणाली, “बाबा, चावला.” आणि जोतिराम म्हणाला, “वाळा चावत न्हाई गं.”

ते हे वाक्य. झोप येतीया म्हणत तिच्या पापण्या मिटायला लागेपर्यंत पोरगी त्या वाक्यावर विसंबून खेळत राहिली. तालुक्याच्या दवाखान्यात सर्पदंशाचं औषध होतं, ते त्यांनी दिलंही. पण ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी केलेलं, पोवळ्याला त्याचं काही नव्हतं. इंदुमती माहेराहून आली ती लेकीला शेवटची आंघोळ घालायलाच.

तिनं नवऱ्याला एकदाच विचारलं, “तुमीच घातला हातात?” तो व्हय म्हणाला. त्यापुढचं तिनं कधी ऐकून घेतलं नाही. तो सांगायला लागला की ती उठून जायची. संसार मोडला नाही. दोघं एका छपराखाली राहिली, पावसापाण्याचं, खताच्या पोत्यांचं, दुखणाऱ्या गुडघ्यांचं बोलत राहिली. पण त्या संध्याकाळच्या दाराला तिनं कडी घातली ती कायमची, आणि जोतिराम आपलं वाक्य घेऊन दाराबाहेर बसून राहिला.

म्हणूनच घाटात नव्यानं उभ्या राहिलेल्या विषसंशोधन केंद्रानं पोवळ्याच्या विषावरचं इंजेक्शन तपासायला आजूबाजूची माणसं मागितली, तेव्हा पहिलं नाव इंदुमतीनं दिलं. जोतिरामही गेला होता. त्याला रक्तदाबापायी परत पाठवलं, तिला टोचलं. सायकल, कानडी हे सगळं त्यानंतरचं.

फोटोचं कळल्यावर केंद्रातल्या डॉक्टर नाझनीन मुल्ला त्याच दुपारी आल्या. मूळच्या गडहिंग्लजच्या, मैथिली असती तर आज साधारण त्यांच्याएवढी असती. एरवी आल्या की इंदुमतीकडून नाचणीची आंबील मागून घ्यायच्या. आज मागितली नाही. ओट्यावर बसल्या आणि त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं पुढे केली.

“काकू, हे आठवतंय? पहिल्या दिवशी सांगितलेलं?”

आठवत होतं. सगळ्या गावाला त्यांनी ते सांगितलं होतं. स्नायूनं हलावं हा मेंदूचा निरोप मज्जातंतूतून येतो. तंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या बारीक खाचांत जाऊन बसतं. ते बसलं की स्नायू हलतो. पापणी उचलायची असो की श्वास घ्यायचा असो, पद्धत हीच. पोवळ्याच्या विषातलं एक इवलंसं प्रथिन असं दुमडलेलं असतं की त्याला जणू तीन बोटं फुटतात. ती बोटं त्या खाचेत रुततात आणि हलायचं नाव घेत नाहीत. निरोप येत राहतात, पण जागा आधीच बळकावलेली. आधी पापण्या पडतात, मग गिळता येईनासं होतं, शेवटी छातीचा भाता थांबतो. हृदय चालू असतं, माणसाला सगळं कळत असतं, फक्त श्वास घेता येत नाही.

केंद्रानं या तीन बोटांना मोजा शिवला होता. निसर्गात कुठंच नसलेलं, संगणकानं कोऱ्या पाटीवरून रेखाटलेलं एक नवं प्रथिन, त्या बोटांवर अचूक चढणारं. मोजा चढला की बोटं खाचेत शिरत नाहीत. मातीत काम करणाऱ्यांना एकदा टोचलं की वर्षभर ते रक्तात पहारा देईल, अशी ती योजना होती.

“एवढं कळलंय मला,” इंदुमती म्हणाली. “माजं काय बिनसलं ते सांगा.”

“ही तीन बोटं काही सापानं एकट्यानं शोधलेली नाहीत, काकू. तसली प्रथिनं आपल्याही अंगात असतात, निरुपद्रवी. सापानं घरातल्याच जुन्या वस्तूला धार लावून हत्यार केलं, इतकंच. आपल्यातलं एक मेंदूत राहतं आणि ब्रेकचं काम करतं. लहानपणी तो ब्रेक सैल असतो, म्हणून पोरं नुसतं ऐकून भाषा शिकतात. मोठेपणी तो लागतो. मग शिकायला जड जातं, पण शिकलेलं टिकतं. आमचा मोजा मेंदूत शिरणार नाही अशी आमची खात्री होती. बहुतेकांच्या नाही शिरला. तुमच्या शिरला, आणि त्यानं तिथल्या बोटांनाही धरलं. चूक आमची आहे.”

“म्हंजे माजा ब्रेक फेल.”

“फेल.”

“आनि ह्ये तुमी मला सायकल शिकून झाल्यावर सांगताय!”

नाझनीनना हसू आवरलं नाही. मग त्या गंभीर झाल्या. असं झालेला आणखी एक गृहस्थ होता, आणि त्याची कीर्ती ऐकून शिकवणीवाले केंद्राला फोन करायला लागले होते, परीक्षेच्या आधी पोरांना हे टोचता येईल का म्हणून. त्यांना पुढचं माहीत नव्हतं.

“आपण एखादी गोष्ट आठवतो ना, तेव्हा ती जरा ओली होते,” त्या म्हणाल्या. “आठवून झालं की पुन्हा वाळते. सगळ्यांचंच असं असतं. पण ब्रेक असला की जेमतेम ओलसर होते. तुमची आत्ता पार चिखल होते, आणि त्या वेळी हाताला, डोळ्यांना जे लागेल त्याचे ठसे तिच्यावर उमटतात. काल कुठं होता तुम्ही?”

“झेंडू तोडायला. दिसभर.”

“आणि मैथिलीची आठवण काढत होता.”

इंदुमतीनं मान खाली घातली. फ्रॉक पिवळा कुठून झाला ते जोतिरामलाही कळलं.

मोजे गोळा करून अंगाबाहेर टाकणारं औषध होतं. ते पुण्याहून यायला चारपाच दिवस लागणार होते. ते घेतलं की ब्रेक परत लागेल, आणि त्या क्षणी जे जसं असेल तसं पक्कं होईल.

“तोवर तिची आठवण काढू नका, काकू. अवघड आहे, मला कळतंय. आणि काका, तुम्ही यांच्यासमोर त्या दिवसाचं काही बोलू नका. तुम्ही जे सांगाल ते यांना स्वतः पाहिल्यासारखं आठवायला लागेल. ऐकलेलं कुठलं आणि घडलेलं कुठलं, हे वेगळं काढता यायचं नाही.”

नाझनीनबाई गेल्या. जोतिराम शेडमध्ये गेला आणि पुढचे दोन दिवस कामाचं निमित्त काढून तिथंच राहिला. डॉक्टरीणबाईंनी सावध राहायला सांगितलं होतं. त्याला त्यात भलतंच काहीतरी दिसलं होतं, आणि एकदा दिसल्यावर ते डोळ्यांसमोरून हलेना.

एक वाक्य तर हवं होतं. साप ढिगातून आपसूक आला, मी हातबी लावला न्हवता. बस्स. आत जाईल, वाळेल, पक्कं होईल. फोटोतला फ्रॉक हिरवा होता म्हणून निदान पिवळा खोटा ठरला. त्या संध्याकाळचा तर फोटोही नव्हता. लग्नानंतरच्या दिवसांत इंदुमती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर परत येईल. आणि काय फक्त आपल्यासाठीच? तिच्याही उरावरचा भार उतरेल की. नवऱ्यानं लेकीला मारलं असं मनात धरून त्याच नवऱ्याला वीस वर्षं भाकरी वाढायची, हे काय सुख आहे? तिच्या भल्याचंच आहे, असं त्यानं स्वतःला तऱ्हेतऱ्हेनं पटवलं. वाफ्यावर पाणी शिंपडता शिंपडता ते वाक्य त्यानं मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. गांडुळांनी काही हरकत घेतली नाही.

औषध येणार त्याच्या आदल्या दुपारी तो एकटाच खत चाळत होता. ती चाळण दोघांनी दोन बाजूंनी धरायची, लाकडी चौकटीची; पण जोतिरामनं पलीकडची बाजू दोरीनं खांबाला बांधून घेतली होती, कारण इतक्या वर्षांत इंदुमतीनं तिला हात लावला नव्हता. आज इंदुमती आली, तिनं दोरी सोडली आणि चौकट आपल्या हातात घेतली.

“मला तो दिस सांगा.”

“आगं, म्याडमनी काय सांगितलंय?”

“म्याडमनी सांगितलंय म्हनूनच आले.” तिनं चाळण हलवायला सुरुवात केली, म्हणून त्यालाही हलवावी लागली. “मी काय बगितलंय त्या दिसाचं? काय न्हाई. माझ्याकडं हाय ते माजंच रचलेलं. त्यात पोरगी रडतीया आनि तुमी हसताय. इतकी वर्सं त्येच बगत आले मी. खरं काय झालं ते आत जाऊच दिलं न्हाई, पार दगड करून ठेवला. आता त्येचा चिखल झालाय म्हनत्यात. उद्या परत दगड हुनार. मग आजच सांगा.”

“मी सांगीन त्येच खरं हुऊन बसंल तुला.”

“व्हय.”

“खोटं सांगितलं तरी.”

“तरीबी. मला कळायचंसुदिक न्हाई. पन सांगनारं दुसरं कोन हाय? तुमीच हाय.”

 जोतिरामनं तयार करून ठेवलेलं वाक्य अगदी जिभेच्या शेंड्यावर होतं. त्यानं समोर पाहिलं. इंदुमती त्याच्याकडे बघत नव्हती, चाळणीकडे बघत होती, आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखी घाबरली होती. दारावरची कडी तिनं स्वतःच्या हातानं काढली होती आणि आत काय येतंय याची वाट बघत उभी होती. असल्या बाईला खोटं सांगायचं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं काढून घ्यायचं. ते त्याच्यानं होईना.

त्यानं लाइट गेल्यापासून सुरुवात केली. मैथिलीनं गृहपाठ नको म्हणून लाइट गेल्यावर कशी टाळी वाजवली ते सांगितलं. चाळणीत काय सापडलं, कुठल्या हातानं उचललं, तिच्या कुठल्या मनगटाला गुंडाळलं, सगळं सांगितलं. “घे तुझी बांगडी म्हनलो. तशीच हसली ती, रोजच्यागत. मग म्हनली, बाबा, चावला.”

इथं तो थांबला. इथून थेट पापण्यांवर जाता आलं असतं. मधलं एक वाक्य गळालं असतं तर कुणाला चुकल्यासारखं वाटणार होतं? खोटंही झालं नसतं ते.

“आनि मी म्हनलो, वाळा चावत न्हाई गं.”

चाळण थांबली.

“मी बगितलंबी न्हाई, इंदू. तिनं सांगितलं आनि मी बगितलं न्हाई. कंदील आनून हात बगितला असता तर तवाच दिसलं असतं. मी चाळत बसलो.”

 चाळणीतल्या खड्यांवरून एक गांडूळ वळवळत कडेला आलं, खाली पडलं.

“फुडं,” इंदुमती म्हणाली.

“फुडं ती झोप येतीया म्हनाय लागली. पापन्या उचलंनात. तवा मला कळलं. तिला घेऊन पळत सुटलो. पाटलांच्या जीपमधी घातली. घाटाच्या वळनावर तिचा स्वास थांबला.” जोतिरामनं बाहीनं तोंड पुसलं. “मग मी तोंडाला तोंड लावून फुकत राहिलो. कुनी शिकवलं न्हवतं. फुकलं की छाती वर यायची. वाटायचं, आपुन फुकतोय तवर ती हाय. वळनापासनं दवाखान्यापत्तूर फुकत हुतो. डॉक्टर म्हनलं, सोडा आता. मी सोडंना. दोघांनी वडून काडलं मला.”

इंदुमतीनं मान वर केली. “ह्ये कधी बोलला न्हाईसा.”

“तू ऐकत न्हवतीस.”

तक्रार म्हणून नव्हे, जे होतं ते त्यानं सांगितलं. तिनं ते तसंच घेतलं. मग अगदी हळू विचारलं, “घाबरली हुती का वो ती?”

“न्हाई. शेवटपत्तूर माजा आंगठा धरून हुती.”

इंदुमतीनं चौकट खाली ठेवली, पदरानं तोंड दाबलं आणि घरात निघून गेली. जोतिराम तिथंच खताच्या ढिगावर बसला. वीस वर्षांत केलं नव्हतं एवढं मोठं नुकसान आपण आज एका दुपारी करून घेतलं, याबद्दल त्याला शंका नव्हती. उद्या ब्रेक लागणार आणि ते वाक्य तिच्या आत कायमचं पक्कं होणार. तरी त्याला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी औषध आलं. नाझनीनबाईंनी टोचण्याआधी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “काही बोलणं झालं?” इंदुमती म्हणाली, “व्हय. जे बोलायचं ते झालं.” डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारलं नाही.

ब्रेक लागला. कानडी आलेलं राहिलं, सायकलही राहिली, नवीन काही मात्र पूर्वीसारखंच रडतखडत शिकावं लागू लागलं. फ्रॉक पिवळाच राहिला. त्या दुपारच्या बोलण्याबद्दल इंदुमती एक अक्षर बोलली नाही. चहा वेळेवर समोर यायचा. जोतिराम तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का बघायचा आणि काही सापडायचं नाही. एक मात्र झालं. एके दिवशी तो शेडमध्ये गेला तर चाळणीची खांबाला बांधायची दोरी तिथं नव्हती, आणि पलीकडची बाजू धरायला इंदुमती येऊन उभी होती. आली, चाळून गेली. दुसऱ्या दिवशीही आली. का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

दिवाळी सरल्यावर केंद्राचा सुधारलेला मोजा तयार झाला. हा मेंदूत शिरत नव्हता, आणि वर्षभर अंगात राहतही नव्हता. दंश झाल्यावरच टोचायचा. आजूबाजूच्या सगळ्या आरोग्य उपकेंद्रांत तो ठेवला गेला. पण औषध असून भागत नाही, दंश ओळखावा लागतो. म्हणून नाझनीनबाईंनी ग्रामपंचायतीसमोर सभा घेतली, काचेच्या दोन बरण्यांत एक वाळा आणि एक पोवळा ठेवला, आणि इंदुमतीला बोलायला सांगितलं.

इंदुमती उभी राहिली. भाषणाची सवय नाही, त्यामुळे आधी पदर सारखा करण्यात वेळ गेला. जोतिराम सगळ्यांच्या मागं, पारावर बसला होता. आता ते वाक्य अख्ख्या गावासमोर येणार म्हणून त्यानं मन घट्ट केलं होतं. येऊ दे, खरं तेच आहे, असं तो स्वतःला बजावत होता.

“त्या सांजंला लाइट न्हवती,” इंदुमती म्हणाली. “आमी दोघं चाळन धरून हुतो. ह्यांनी खालनं साप उचलला. मीबी बगितला. मलाबी वाळाच वाटला. पोरीच्या हाताला बांगडी घातली, तशी ती हसली. मग म्हनली, चावला. आनि आमी दोघं म्हनलो, वाळा चावत न्हाई गं.” तिनं पोवळ्याच्या बरणीवर हात ठेवला. “म्हनून सांगते. पोरगं चावला म्हनलं की हातातलं काम टाका. उजेडात न्या. पोट लाल दिसलं, शेपटीवर दोन कडी दिसली की कुनाची वाट बगू नगा. आनि स्वास थांबला तर तुमी फुका. औशिद मिळंपत्तूर फुकत ऱ्हावा. आमचं ह्यांनी फुकलं हुतं. रस्ता लांबला, न्हाईतर पोर हाताला लागली असती.”

बायका डोळे पुसत होत्या. जोतिराम पारावर बसल्या जागी थिजला होता. त्यानं असं सांगितलंच नव्हतं. आमी दोघं तो म्हणालाच नव्हता. मग हे आलं कुठून? आणि बघता बघता त्याला उमगलं. त्या दुपारी ती ऐकत होती तेव्हा चाळणीची दुसरी बाजू तिच्या हातात होती. दिवसभर झेंडू तोडले तेव्हा फ्रॉक पिवळा झाला होता, तसंच हे.

सभा उठली. दोघं उताराच्या रस्त्यानं घराकडे निघाली, इंदुमती सायकल हातात धरून, तो बाजूनं. गप्प राहिलं असतं तर काहीच बिघडत नव्हतं. त्याला न मागता, खोटं न बोलता, अर्धं ओझं उतरवून मिळालं होतं. पण त्या दुपारी एवढं सगळं खरं सांगितल्यावर आता तोंड मिटून बसणं त्याला जमेना.

“इंदू, एक बोलू? तू तिथं न्हवतीस. त्या सांजंला तू माहेरला हुतीस.”

ती थांबली. सायकलच्या मुठीवरची धूळ तिनं अंगठ्यानं पुसली.

“ठावं हाय मला. साखरपुड्याच्या फोटोत मी हाय की, पार म्होरं उभी. म्याडमना ईचारलं, त्यांनीबी त्येच सांगितलं. म्हनल्या, पुन्ना ब्रेक सैल करून नीट करता ईल. मी नगं म्हनलं.”

“का गं?”

“इतकी वर्सं त्या शेडात तुमी एकलंच हुता. पोर आनि तुमी. मी भायेर उभी राहून दगडं मारत हुते.” ती त्याच्याकडे बघून बोलत होती, पूर्वी बघायची तशी नव्हे, त्याहून थकलेल्या आणि त्याहून जवळच्या नजरेनं. “आता डोळं मिटलं की मी आत असते. तुमच्या म्होरं, चाळन धरून. ती हसतीया ते मला दिसतंय. न्हाईतर मला कुठं गावनार हुतं ते? आता मला तिथनं भायेर काडू नगा.”

 जोतिरामनं मान हलवली आणि उपरण्यानं नाक पुसलं. इंदुमतीनं सायकल सरळ केली, पदर खोचला.

“बसा मागं,” ती म्हणाली. “उतार हाय.”